वाफसा धरून पाणी: गोल्फ मैदानावर नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

“काका, पाणी किती तास सोडू?”

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी, चिक्कोडी, रायबागकडून कामाला आलेला जवळजवळ प्रत्येक मुलगा पहिल्या दिवशी मला हाच प्रश्न विचारतो. घरी ऊस असतो. लाईट आली की मोटार चालू करायची, सरी भरली की बारं फोडायचं, लाईट गेली की घरी जायचं. हातात ही सवय घेऊन तो मैदानावर येतो. मी त्याला सांगतो, “तासांचं नंतर बघू. आधी त्या ग्रीनवरची चार बोटं माती काढून आण.”

माती मुठीत दाबली आणि गोळा झाला, पण बोटांना पाणी लागलं नाही; बोटानं ढकलल्यावर गोळा फुटला. याला आपण वाफसा म्हणतो. पेरणीच्या वेळी हा शब्द आपल्याकडे सगळ्यांना कळतो, पाणी देताना मात्र कुणाला आठवत नाही. गोल्फ मैदानावर पाणी देणाऱ्याचं काम म्हणजे वर्षाचे आठ महिने हा वाफसा राखणं. हिरवा रंग त्याच्या मागून येतो. या कामात मी बावीस वर्षं आहे आणि पाण्यावाचून मेलेलं गवत मी कमी पाहिलंय, पाण्यानं कुजलेलं जास्त.

आधी मैदान चालून बघा

पहिला आठवडा कुठल्याही व्हॉल्व्हला हात लावू नका, नुसते चाला. खेळाडू जिथून पहिला फटका मारतो तो उंच सपाट ओटा म्हणजे टी. तिथून पुढे जाणारा कापलेल्या गवताचा लांब पट्टा म्हणजे फेअरवे. दोन्ही बाजूंचं वाढलेलं गवत म्हणजे रफ. शेवटी झेंड्याचं भोक असलेलं गालिच्यासारखं ठिकाण म्हणजे ग्रीन. पूर्ण मैदानात अशा १८ जोड्या असतात, लहान मैदानात ९.

पाण्याच्या हिशेबात या चौघांची चार वेगळी घरं आहेत. ग्रीनवरचं गवत साधारण ३ ते ५ मिलिमीटर उंचीवर कापतात. इतक्या खाली कापलेल्या गवताची मुळंही उथळच राहतात, म्हणून ग्रीनला पाणी थोडं आणि नेमकं लागतं. फेअरवेला चार दिवस उशीर झाला तरी चालून जातं. रफला आपल्या भागात पाऊसच पाणी पाजतो, उन्हाळ्यात ते पिवळं पडलं तर पडू द्या. पाणी कमी पडलं की आधी ग्रीन, मग टी, मग फेअरवे, हा क्रम पाठ करून ठेवा. टंचाईच्या मे महिन्यात मॅनेजर गडबडीत काहीही सांगेल, तुमचा क्रम हलू देऊ नका.

आणि हे गवत कुठलं परदेशी नवल नाही. गणपतीला आपण दूर्वा वाहतो आणि शेतात तिलाच हरळी म्हणून खुरप्यानं उपटतो, त्याच जातीचं हे आहे. मैदानावर बर्म्युडा म्हणतात ते हेच. ग्रीनसाठी त्याच्या बारीक पानांच्या निवडक संकरित जाती लावतात, एवढाच फरक. बांधावरची हरळी वैशाखात करपते आणि वळीव पडला की चार दिवसांत हिरवी होते, हे आपण लहानपणापासून बघतोय. म्हणून फेअरवेचा रंग जरा उतरला की घाबरून पाणी सोडू नका.

पायाखाली काय आहे

बेळगाव जिल्ह्यात पन्नास-साठ किलोमीटर गेलं की माती बदलते. खानापूरकडे आणि शहराच्या पश्चिमेला तांबडी, जांभ्याची माती. पाणी लवकर मुरतं आणि लवकर निघूनही जातं. पूर्वेला गोकाक, सौंदत्ती, अथणीकडे काळी. ती पाणी हळू पिते, एकदा प्यायली की आठ-आठ दिवस सोडत नाही, आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. एकाच तासाचं पाणी तांबड्या मातीत कमी पडेल आणि काळीवरून वाहून जाऊन बंकरमध्ये, म्हणजे मैदानावरच्या वाळूच्या खड्ड्यात, साचेल. काळ्या मातीवर म्हणूनच पाणी तुकड्यांनी द्यायचं. बावीस मिनिटं द्यायची असतील तर सात-सात मिनिटांचे तीन हप्ते करा आणि मध्ये पाऊण तास जमिनीला पिऊ द्या.

ग्रीनची गोष्ट निराळी. चांगल्या बांधणीच्या ग्रीनमध्ये आपली माती नसतेच. खाली निचऱ्याचे पाईप, त्यावर साधारण १० सेंटिमीटर खडी आणि वर ३० सेंटिमीटर निवडलेली वाळू असते. बारीक वाळूतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही, ते वाळूच्या तळाशी अडून राहतं. वाळू पूर्ण भरली की मगच खाली सुटतं. त्यामुळे ग्रीन वरून कोरडा दिसला तरी खाली ओल असू शकते. नुसतं डोळ्यानं बघून ग्रीनला पाणी देऊ नका. मातीचा नमुना काढायची पोकळ सळई प्रत्येक मैदानावर असते, ती सकाळी बरोबर घेऊनच फिरा. ओल मोजायचं दोन काट्यांचं यंत्र असेल तर उत्तम, पण पहिले सहा महिने सळई आणि मूठ यांवरच शिका. यंत्र आकडा दाखवतं, त्याचा अर्थ हाताला आधी कळलेला असावा लागतो.

पाणी कसलं आहे ते तपासून घ्या

आपल्याकडे मैदानाचं पाणी तळ्यातून, बोअरमधून किंवा सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्रकल्पातून येतं. तिन्हींचे स्वभाव वेगळे. तळ्याच्या पाण्यात शेवाळ आणि गाळ, बोअरमध्ये क्षार, शुद्ध केलेल्या सांडपाण्यात नत्र आणि मीठ. शुद्ध केलेलं पाणी वापरत असाल तर त्या लाईनचे नळ वेगळ्या रंगानं रंगवा, तिथं पिऊ नका, काम झाल्यावर साबणानं हात धुवा. आणि त्यातल्या नत्राइतकं खत कमी करायला सांगा.

बोअरचं पाणी वर्षातून एकदा तरी, एप्रिलमध्ये, प्रयोगशाळेत द्या. धारवाडचं कृषी विद्यापीठ जवळ आहे. अहवालात दोन आकडे आधी शोधा. एक विद्युत वाहकता, म्हणजे ईसी. ती ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या खाली असेल तर निश्चिंत राहा, ३ च्या वर गेली तर ते पाणी ग्रीनवर नकोच. दुसरा सोडियमचं प्रमाण सांगणारा, एसएआर. तो जास्त असेल तर माती चिकट होते, छिद्रं बुजतात आणि पाणी वरच तरंगायला लागतं. तेव्हा जिप्सम लागतं, जास्त पाणी नव्हे.

क्षारांची भीती आपल्या लोकांना वेगळी सांगायला नको. कृष्णाकाठच्या अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे जादा पाण्यानं किती चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या ते घराघरांत माहीत आहे. माझ्या मामांचं दीड एकर तसंच गेलं. लहानपणी ज्या रानात ऊस डोक्याच्या वर असायचा, तिथं आता पांढरा पापुद्रा आहे. ग्रीनवर एखाद्या सकाळी तसा पांढुरका थर दिसला की माझ्या पोटात खड्डा पडतो.

पंपापासून नोझलपर्यंत

सगळी व्यवस्था एका दिवसात पाण्याच्या वाटेनं चालत समजून घ्या. तळ्यातून पाणी पंपाच्या विहिरीत, तिथून पंप, मग एनआरव्ही (पाणी मागं फिरू न देणारा व्हॉल्व्ह), फिल्टर, मेन लाईन, सबमेन, लॅटरल, व्हॉल्व्ह आणि शेवटी जमिनीत बसवलेला स्प्रिंकलर. तो दाब आला की वर येतो, फिरतो आणि दाब गेला की खाली बसतो. शेतातली पितळी चक्री खटखट करत फिरते, इथल्या स्प्रिंकलरच्या पोटात दातेरी चाकं असतात आणि तो गुपचूप फिरतो. गुपचूप असल्यामुळेच बंद पडलेला लवकर लक्षात येत नाही.

नव्या मैदानांवर प्रत्येक स्प्रिंकलरला स्वतःचा व्हॉल्व्ह असतो, कंट्रोलरवरून, म्हणजे वेळ लावून व्हॉल्व्ह उघड-बंद करणाऱ्या यंत्रावरून, एकेक सोडता येतो. जुन्या मैदानांवर चार-सहांचा गट एका व्हॉल्व्हवर चालतो. गट असेल तर उंचावरचे आणि खोलगटातले स्प्रिंकलर एकाच गटात आहेत का ते बघून वहीत लिहा, कारण खोलगटातला नेहमी जास्त पितो.

दाब हा या व्यवस्थेचा प्राण. गेजवरचा एक किलो म्हणजे साधारण १० मीटर उंचीचं पाणी. पंपघरात सहा किलो दिसतो आणि टेकडीवरचा टी पंपघरापासून १५ मीटर उंच असेल, तर दीड किलो चढातच गेला, वर पाईपातलं घर्षण वेगळं. म्हणून दाब पंपघरात नव्हे, स्प्रिंकलरपाशी मोजायचा. दाब कमी असला की थेंब मोठे पडतात आणि स्प्रिंकलरभोवती ओल्या-कोरड्या गवताची कडी उमटते. जास्त असला की धुकं होतं आणि आपल्या पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर शेजारच्या रानात जातं.

व्हॉल्व्ह नेहमी सावकाश उघडा, सावकाश बंद करा. पहिल्याच वर्षी मी घाईनं एक मोठा गेट व्हॉल्व्ह बंद केला होता. पाण्याचा धक्का मागं फिरला आणि दोन टप्पे पलीकडचा पीव्हीसीचा जोड फुटला. रात्रभर पाणी फेअरवेखालून वाहत होतं, सकाळी तिथं गुडघाभर खड्डा. आमच्या मुकादमांनी एक शब्द रागाचा काढला नाही, फावडं हातात दिलं आणि स्वतःही खड्ड्यात उतरले. रिकाम्या लाईनमध्ये पाणी भरतानाही तेच पथ्य. हवा बाहेर पडायला वेळ द्या आणि उंचावरचे एअर व्हॉल्व्ह चालतात का ते महिन्यातून एकदा बघा.

एक छोटी सूचना. व्हॉल्व्हच्या झाकणांवर नावं लिहू नका, मोठे आकडे रंगवा. रात्रपाळीत एक जण मराठी वाचणारा, एक कानडी वाचणारा असतो. इंग्रजी 1, 2, 3 दोघांनाही वाचता येतात. आणि पॅनेलला हात लावण्याआधी पायात बूट, खाली रबरी चटई. ओल्या पायानं स्टार्टर दाबायची शेतातली सवय इथं आणूच नका.

मिनिटं नव्हे, मिलिमीटर

हा भाग सावकाश वाचा, जमलं तर कागद-पेन घेऊन.

पाऊस आपण मिलिमीटरमध्ये मोजतो, सिंचनही तसंच मोजायचं. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. ५०० चौरस मीटरच्या ग्रीनला ४ मिलिमीटर द्यायचं तर २,००० लिटर. एक एकर फेअरवेला तेवढंच द्यायचं तर सुमारे १६,००० लिटर.

४ मिलिमीटर कुठून आलं? ऊन, वारा आणि गवताचा श्वास मिळून रोज जमिनीतलं काही पाणी उडतं. मैदानावर हवामान यंत्र असेल तर ते हा आकडा रोज देतं. समजा एप्रिलच्या एका दिवशी त्यानं ६ मिलिमीटर दाखवलं. बर्म्युडासारखं उष्ण हवामानातलं गवत त्याच्या साधारण ६० ते ७० टक्के घेतं, म्हणजे ४ च्या आसपास. काल जेवढं गेलं तेवढंच आज परत द्यायचं. डिसेंबर-जानेवारीत बेळगावची थंडी पडली की गवत वाढ आवरतं आणि हाच आकडा निम्म्याच्या आसपास येतो. तरीही कंट्रोलरवर एप्रिलची वेळ तशीच चालू असलेली मी कितीतरी मैदानांवर पाहिली आहे.

आता मिलिमीटरची मिनिटं करू. स्प्रिंकलरच्या नोझलमधून मिनिटाला ६० लिटर पाणी येतं आणि दोन स्प्रिंकलरमधलं अंतर दोन्ही दिशांना १८ मीटर आहे असं धरा. एका स्प्रिंकलरच्या वाट्याला १८ गुणिले १८, म्हणजे ३२४ चौरस मीटर आले. तासाला ३,६०० लिटर भागिले ३२४, म्हणजे तासाला ११ मिलिमीटर. ४ मिलिमीटरसाठी सुमारे २२ मिनिटं. कडेला अर्धाच फिरणारा स्प्रिंकलर तेच नोझल लावून तेवढ्याच वेळात दुप्पट पाणी ओततो, त्याला वेळ अर्धा किंवा नोझल लहान.

हाच हिशेब पुढे नेला की पंपाची ताकद कळते. १० हेक्टर फेअरवेला ४ मिलिमीटर म्हणजे ४ लाख लिटर. रात्रीचे ८ तास हातात असतील तर तासाला ५०,००० लिटर, म्हणजे असे १४ स्प्रिंकलर एका वेळी चालले पाहिजेत. पंप दहाच पेलत असेल तर सगळे फेअरवे एका रात्रीत होणार नाहीत. मग अर्धे आज, अर्धे उद्या असं वाटून घ्या. एकदम चौदा उघडून दाब पाडू नका.

डब्यांची चाचणी

कागदावर ११ मिलिमीटर आलं, जमिनीवर तेवढंच पडतं का? हे बघायला सरळ कडांचे एकसारखे वीस डबे घ्या. कुंद्याचे (मिठाईचे) डबे गोळा करून आणू नका, त्यांच्या कडा तिरप्या असतात आणि माप चुकतं. ग्रीनवर किंवा फेअरवेच्या एका तुकड्यावर तीन-तीन मीटरवर डबे मांडा, वारा नसलेल्या पहाटे वीस मिनिटं पाणी सोडा आणि पट्टीनं प्रत्येकातलं पाणी मोजा.

सगळ्यांची सरासरी काढा. मग सर्वांत कमी भरलेल्या पाच डब्यांची सरासरी काढा आणि तिला पहिलीनं भागा. सगळ्यांची ५ मिलिमीटर आणि कमी भरलेल्यांची साडेतीन, तर ७० टक्के. एवढं आलं तर व्यवस्था ठीक आहे, ८० आलं तर फार चांगली. ६० च्या खाली आलं तर कंट्रोलरवरची वेळ वाढवू नका. सगळे नेमकं तेच करतात. कोरडा कोपरा दिसला की पाच मिनिटं वाढवली. कोपरा कसाबसा हिरवा होतो, बाकीच्या मैदानाचा चिखल होतो आणि महिन्यानं बुरशी येते.

त्याऐवजी गुडघ्यावर बसा आणि एकेक स्प्रिंकलर बघा. निम्म्याहून जास्त वेळा दोष अगदी साधा निघतो. स्प्रिंकलर कलला आहे, मातीत खचला आहे, कडेच्या गवतानं त्याचं तोंड झाकलंय, नोझल झिजून भोक मोठं झालंय, किंवा आधीच्या कुणीतरी हाताला लागेल ते वेगळ्याच मापाचं नोझल बसवलंय. एका ग्रीनवर कोरडा डाग हटत नव्हता. मुलं दोन महिने पाणी वाढवत होती. गुडघ्यावर बसून पाहिलं तर नोझलमध्ये गोगलगाईचं शिंपलं अडकलेलं. ते काढलं आणि डाग तीन आठवड्यांत भरून आला. डबे वर्षातून दोनदा मांडा, पावसाळ्यानंतर एकदा आणि फेब्रुवारी संपताना एकदा.

आणखी एक. एका स्प्रिंकलरचा फवारा शेजारच्या स्प्रिंकलरपर्यंत पोचलाच पाहिजे. “दोन फवारे मध्ये भेटले की झालं” हा गैरसमज आहे. फवाऱ्याच्या टोकाला पाणी विरळ पडतं, तिथं शेजाऱ्याची मदत लागते.

कोणत्या वेळी

पहाटे तीन ते सूर्योदय. वारा पडलेला असतो, दाब स्थिर असतो, आणि पान दवानं तसंही ओलं असतं, म्हणजे ओलं राहण्याचा काळ आपण वाढवत नाही. संध्याकाळी सातला पाणी दिलं तर पान बारा तास ओलं राहतं आणि बुरशीला तेवढं पुरतं. हिवाळ्यात दव जड पडतं, तेव्हा सकाळी लांब लवचीक बांबूनं ग्रीनवरचं दव झटकून काढा. पान लवकर सुकतं. जुने माळी हे काम मनापासून करत, नवी मुलं टाळतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

भर दुपारी ग्रीन निळसर दिसायला लागला, चालल्यावर पावलाचे ठसे उठून राहिले, तर ते तहानेचं लक्षण. अशा वेळी दोन मिनिटं हलका शिडकावा द्या, पान गार होण्यापुरता. मुळाला पाणी पहाटेच.

हातानं पाणी

चांगल्या ग्रीनची खरी कमाई पाईप धरणाऱ्या माणसाच्या हातात असते. ग्रीनच्या उंचवट्यावर आणि दक्षिणेच्या उतारावर कोरडे डाग पडतात. कधी वाळूच्या कणांवर मेणासारखा थर बसतो आणि पाणी थेंब-थेंब होऊन घरंगळतं. तिथं सगळ्या ग्रीनला पाणी न देता क्विक कपलरला (जमिनीत बसवलेल्या, पाईप झटपट जोडायच्या तोंडाला) पाईप लावा, झारीसारखं तोंड बसवा आणि फक्त डागावर पाणी द्या. आधी काट्यानं बारीक भोकं पाडा, ओल धरणारं औषध मिळत असेल तर घाला, थोडं पाणी द्या, दहा मिनिटांनी पुन्हा द्या. सळई घालून चार बोटं ओल गेली का बघा. एका डागाला वीस मिनिटं लागतात. लागू द्या.

झाडं, कुंपणाची झुडपं, क्लब हाऊससमोरची फुलझाडं यांना स्प्रिंकलर नकोच, त्यांना ठिबक. आपल्या मुलांना ठिबक शिकवायला लागत नाही, घरी ऊस-भाजीला असतंच. एवढंच बघा की लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, वर्षानुवर्षं बुंध्याला चिकटून राहू नये. झाड वाढेल तशी ती पानांच्या घेराकडे सरकवत न्या.

वळीव, मृग आणि पावसाळा

एप्रिल-मेमध्ये दुपारी आकाश भरून येतं आणि अर्ध्या तासात वळीव झोडपून जातो. पर्जन्यमापकात २५ मिलिमीटर दिसलं म्हणून सहा दिवसांचं पाणी झालं असं धरू नका. त्यातलं बरंच वाहून गेलेलं असतं. सळई घाला, ओल कुठवर गेली ते बघून दिवस ठरवा. गडगडाट सुरू झाला की कंट्रोलरची वीज तोडा. विजेच्या लोळानं व्हॉल्व्हच्या वायरी आणि कार्ड जळतात, आणि ते दुरुस्त व्हायला कधी-कधी महिना जातो.

मृग लागण्याआधी निचऱ्याची तोंडं, बंकरचे पाईप, तळ्याचा सांडवा साफ झालेच पाहिजेत. कणकुंबी-खानापूर पट्ट्यात पाऊस अंगावर येतो आणि अथणीकडे ढग बघत बसावं लागतं, तेव्हा तुमच्या मैदानाचं वेळापत्रक शेजारच्या तालुक्यातल्या मित्राला विचारून करू नका. भर पावसातही आठवड्यातून एकदा प्रत्येक स्प्रिंकलर दोन मिनिटं फिरवा, नाहीतर गाळानं अडकतो. पाऊस क्षार धुऊन नेतो, मात्र निचरा मोकळा असेल तरच.

सप्टेंबर ओसरला की एका सकाळी फिल्टर उघडून धुवा, मेन लाईनची टोकं सोडून गाळ बाहेर काढा, सगळे गेज शून्यावर येतात का ते पाहा आणि डबे मांडा. मग वहीचं नवं पान उघडा. तारीख, यंत्रावरचा आकडा, दिलेलं पाणी मिलिमीटरमध्ये, आणि सळईला लागलेली ओल किती बोटं, असे चार रकाने. ऑक्टोबरचं ऊन तापायला लागायच्या आत पहिल्या आठवड्याची पानं भरलेली असू द्या.